पुढच्या सीटची गादी बदलल्याबाबत

जबाब
दि. २४/११/२०२५, वेळ दुपारी १२.४०
पोलीस ठाणे, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम

नाव: श्रेणिक ज्ञानचंद भोरे, वय ४६ वर्षे, धंदा: नोकरी (ग्रंथपाल, कनिष्ठ महाविद्यालय), शिक्षण: एम.ए., रा. कारंजा लाड, जि. वाशिम.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी रुचा, वय ४३, हिच्यासह राहतो. मुलगी कृतिका पुण्याला शिकते. मी रोज डायरी लिहितो. खालील तारखा व वेळा डायरीत पाहून सांगत आहे. जे आठवणीने सांगतो आहे ते तसे वेगळे सांगेन.

मी आज जगदेव सरकटे, वय अंदाजे ३८, धंदा गाड्यांची सीट कव्हर व गाद्या बसवणे, दुकान कारंजा बसस्टँडजवळ, याच्याविरुद्ध तक्रार देण्यासाठी आलो आहे. त्याने माझ्या कारच्या पुढच्या डाव्या सीटची गादी बदलली, त्यामुळे दि. १६/११/२०२५ रोजीच्या अपघातात त्या बाजूची एअरबॅग उघडली नाही व पत्नीला गंभीर दुखापत झाली, अशी ती तक्रार आहे. तक्रारीचा टाइप केलेला अर्ज पत्नीचा धाकटा भाऊ नमन, धंदा अडत, याने तयार करून आणला. अर्ज मी तीन वेळा वाचला. त्यात चार चुका आहेत. माझे वय एक वर्षाने कमी टाकले आहे, ते सोडून देतो. बाकीचे सांगतो.

अर्जात लिहिले आहे की, "जुनी गादी खराब झाल्याने ती बदलण्यास गाडी दुकानात दिली." गादी खराब नव्हती. ती आजही माझ्या घरी माळ्यावर धुतलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलेली आहे. तिच्यावर ग्रंथ ठेवले गेले असल्याने ती भंगारात टाकणे मला योग्य वाटले नाही. कोणत्या परिस्थितीत बदलली ते सांगतो.

शिरपूर जैन येथे एक लहान स्वाध्याय मंडळ आहे. दर रविवारी मी कारंजाहून त्यांच्यासाठी ग्रंथांचे मोठे खंड घेऊन जातो व संध्याकाळी परत आणतो. हे दोन वर्षांपासून चालू आहे व कोणी सांगितलेले नाही, मीच मागून घेतले. ग्रंथ डिकीत ठेवता येत नाहीत. मागच्या सीटवर ठेवले तर गाडी चालवताना ग्रंथांकडे माझी पाठ होते. माणसे बसतात त्या सीटवर ते नुसते ठेवणेही बरे नाही. म्हणून पुढच्या डाव्या सीटवर चौरंग, त्यावर स्वच्छ कापड व त्यावर वेष्टनात बांधलेले ग्रंथ, अशी व्यवस्था केली. पत्नी दर रविवारी सोबत येते. ती मागे बसत असे.

सदर कारच्या पुढच्या डाव्या गादीत, कापडाखाली, पातळ चटईसारखा सेन्सर असतो. वजन आले की सीटवर माणूस बसला असे गाडी समजते व पट्टा लावेपर्यंत घंटी वाजवते. सीट रिकामी असेल तर धडक झाली तरी त्या बाजूची एअरबॅग उघडत नाही. ही माहिती गाडीच्या पुस्तिकेत आहे व गाडी घेतली त्याच आठवड्यात मी ती वाचली होती. चौरंग व ग्रंथ मिळून एकवीस किलो भरतात. सेन्सरने त्यांना माणूस धरले. शिरपूर येईपर्यंत घंटी वाजत असे.

सुरुवातीला मी चौरंगावरून पट्टा बांधत असे. मंडळातील मोतीबाई, वय अंदाजे ८०, यांनी ते पाहिले व म्हणाल्या, "श्रेणिक, जिनवाणीले असं बांधून आनतेत का रे? आरोपी हाय का ते?" त्यानंतर मी पट्टा बांधणे सोडले.

पत्नीने तेव्हा एक उपाय सुचवला होता. पट्टा आधीच खटक्यात अडकवून ठेवायचा व त्याच्यापुढे चौरंग ठेवायचा. तिचे म्हणणे, निम्मे कारंजा असेच करते. मी तयार झालो नाही. पट्टा कोणी लावलेला नसताना लावला आहे असे भासवणे हे खोटे बोलणे होते, आणि खोटे न बोलण्याचा माझा नियम आहे. पत्नी म्हणाली, "अहो, गाडीशी कसलं आलंय खरं-खोटं? उद्या फ्रीजसमोरही शपथ घ्याल." हे वाक्य डायरीत आहे. त्याखाली मी लिहिले आहे की, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. विचार केल्याची नोंद नाही.

दि. २१/०६/२०२५, शनिवार, सकाळी ११ च्या सुमारास मी जगदेवच्या दुकानात गेलो. त्याला म्हणालो, घंटी बंद करायची आहे, पण पट्ट्याची खोटी युक्ती नको. तो म्हणाला, "मंग गादीच बदला सर. अकोल्याहून साधी गादी आनतो, सेन्सरबिन्सर काही नाही. पन नुसती गादी काहाडली का गाडीचं डोकं फिरते, लाल लाईट लागते. त्याच्यासाठी मी वायरीत एक बारका रेझिस्टर टाकून देतो. मंग गाडीले कायम वाटते का सीट खालीच हाय." मी होकार दिला. गाडीला कायमचे काय वाटणार हे मला तेव्हा समजले होते. पट्टा अडकवणे खोटे आणि हे खोटे नाही, असे मी कोणत्या आधारावर ठरवले ते त्या दिवशीच्या पानावर सापडत नाही.

(सहायक फौजदार मोहनसिंग राठोड साहेब हा जबाब टाइप करीत आहेत. त्यांनी या ठिकाणी विचारले, "सर, तुमी तक्रार देऊन राह्यले का त्याची जमानत घेऊन राह्यले?" माझ्या विनंतीवरून हे लिहिले आहे. यापुढे असे लिहिणार नाही, असे त्यांनी सांगितले.)

अर्जातील पुढची चूक अशी की, "सदर इसमाने धोक्याची कोणतीही कल्पना न देता, मला अंधारात ठेवून काम केले." जगदेवने कल्पना दिली होती. गाडी ताब्यात देताना त्याने मला पुढच्या डाव्या सीटजवळ नेले, नव्या गादीवर हात आपटला व म्हणाला, "सर, हे आता फक्त सामानाची जागा झाली. इथं मानूस बसवायचा नाही. बसवला अन काही झालं, तर समोरचा फुगा उघडत नाही. घरात सगळ्याइले सांगून ठेवा." मी मान हलवली. माझ्या मान हलवण्यावर त्याचा विश्वास बसला नसावा, कारण त्याने दुकानातून पुठ्ठ्याची एक पट्टी आणली, मार्करने लिहिले व डॅशबोर्डवर चिकटवून दिली. पट्टीवर "या सीटवर माणूस बसू नये" असे लिहिले आहे.

सदर पट्टी मी आज हजर करीत आहे. ती माझ्या डायरीत दि. ०३/०८/२०२५ च्या पानावर चिकटवलेली होती. डॅशबोर्डवरून डायरीत ती कशी आली, हे विचारल्यावरून सांगतो की, मीच काढली. पट्टी विडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची आहे. मागच्या बाजूला छाप आहे व उन्हात तो पुढून दिसू लागला होता. तंबाखूचा छाप ग्रंथांच्या समोर दर रविवारी राहतो हे मला खटकले. स्वच्छ कागदावर चांगल्या अक्षरात नवी पट्टी लिहून लावायची असे ठरवून मी ती काढली. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारच्या पानावर कामांच्या यादीत "पट्टी नवी लिहिणे" असे आहे. असे चौदा रविवार आहेत. शेवटच्या तीन ठिकाणी मी ते अधोरेखित केले आहे. पट्टी लिहिली नाही.

पत्नीला जगदेवचे म्हणणे सांगितले होते का, याबाबत सांगतो की, गादी बदलल्याचे सांगितले होते. घंटी वाजणार नाही हेही सांगितले. बाकीचे सांगितल्याचे आठवत नाही व डायरीतही नाही. ती मागेच बसत असल्याने त्या वेळी गरज वाटली नसावी. हा अंदाज आहे. पट्टी लावलेली होती तोवर ती ग्रंथांच्या आड असल्याने मागून वाचता येत नव्हती.

अर्जात शेवटी लिहिले आहे की, "पत्नी नेहमीप्रमाणे पुढील सीटवर बसली." नेहमीप्रमाणे नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा बसली.

दि. १६/११/२०२५, रविवार. आम्ही शिरपूरहून दुपारी ३.३५ वाजता निघालो. मंडळाने ग्रंथ व चौरंग आठ दिवसांसाठी ठेवून घेतले होते, त्यामुळे पुढची सीट मोकळी होती. पत्नी मागचे दार उघडता उघडता थांबली व म्हणाली, "आज जागा रिकामी आहे ना? मग मी पुढे बसते." व बसली. मी काही म्हणालो नाही. कारण मी मौनात होतो.

मौनाबद्दल सांगतो. ग्रंथ घेऊन जाता-येताना मी बोलत नाही. कारंजात ग्रंथ उचलल्यापासून परत घरी पोचेपर्यंत मौन, फक्त शिरपूरला स्वाध्यायात बोलायचे, असा नियम आहे. तोही मीच घेतलेला आहे. पुढे मी त्यात हातवारे व खुणाही न करण्याची भर घातली, कारण खुणा करून बोलणे म्हणजे बोलणेच. त्या दिवशी परतताना ग्रंथ गाडीत नव्हते. तेव्हा मौन लागू आहे की नाही, अशी शंका मला शिरपूरलाच आली. शंका असेल तर कडक बाजू धरावी, अशी माझी सवय आहे. मी कडक बाजू धरली.

पत्नी वाटेत बोलत होती. कृतिका घरी कधी येणार, माळ्यावरची गादी उगीच जागा अडवते, अशा गोष्टी होत्या. मालेगाव मागे पडल्यावर म्हणाली, "इथून रस्ता वेगळाच दिसतो. मागून मला दोन वर्षं तुमचं डोकं आणि त्याच्यापुढे थोडं आभाळ, एवढंच दिसायचं." राठोड साहेबांनी विचारले की हे अपघाताशी संबंधित आहे का. मला सांगता येत नाही. लिहावे.

शेलूबाजार सोडून सुमारे सात किलोमीटर आल्यावर, वेळ ५ च्या आसपास, डाव्या बाजूच्या तुरीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून रस्त्यावर आला. गाडीचा वेग पंचावन्न ते साठ होता. मी ब्रेक दाबला व गाडी उजवीकडे घेतली. रोही निघून गेला. गाडी पुलाच्या कठड्याला समोरून धडकली. त्या क्षणी मी "रोही" एवढे म्हणालो, म्हणजे मौन तिथे सुटले. माझ्यासमोरची एअरबॅग उघडली. मला नाकावर खरचटले. पत्नीसमोरची उघडली नाही. गाडीच्या हिशेबाने ती सीट रिकामी होती.

बाजूच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका धावत आल्या. त्यांतील रामीबाई नावाच्या बाईंनी पत्नीचे डोके मांडीवर घेतले व स्वतःच्या ओढणीने हनुवटी बांधली. एका मालवाहू गाडीला हात करून त्यांनीच ती थांबवली. त्यांनी मला विचारले, "काहो दादा, बाईनं पट्टा नोता काय लावला?"

पत्नीला अकोला येथे खाजगी रुग्णालयात दाखल केले आहे. जबड्याचे हाड दोन ठिकाणी मोडले. समोरचे चार दात गेले. जबडा तारेने बांधलेला असून सहा आठवडे बोलता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. नळीने पातळ अन्न घेते. तिच्याजवळ वही व पेन ठेवले आहे. जगदेवविरुद्ध तक्रार द्यावी का, हे तिला विचारले आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, मी विचारलेले नाही. तिने लिहिले तर मला ते वाचावे लागेल.

तक्रार का द्यायला आलो हे सांगतो. विम्याच्या माणसाने गाडी पाहिली व गादी मूळची नाही असे लिहून नेले. त्यानंतर नमन माझ्याकडे आला. तो म्हणाला, "भाऊजी, एक सही करा फक्त. गादी त्यानं बदलली हे खरं हाय ना? बदलली नसती तं ताई आज बोलत असती हेही खरं हाय ना? मंग खोटं काय हाय याच्यात?" त्याची दोन्ही वाक्ये खरी आहेत. मी दोन दिवस त्यांत खोटे शोधत होतो. वेगवेगळी पाहिली तर खोटी नाहीत. एकाखाली एक लिहिली की होतात. नमनला बहिणीचे फार दुःख आहे, याची नोंद व्हावी. रुग्णालयात रात्री तोच थांबतो.

नमनने ठाण्यात तोंडी सांगितल्यावरून जगदेवला काल चौकशीसाठी बोलावले होते व आज पुन्हा बोलावले आहे. तो सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून आहे. तीन दिवसांपासून त्याचे दुकान बंद आहे. आत येताना त्याची पत्नी सुकेशनी फाटकाजवळ डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सर, मॅडम कशा हायेत?" मी सांगितले. मग म्हणाली, "यायनं तुमाले सांगतलं होतं ना हो, मानूस बसवू नका म्हनून? घरी येऊन मले बोलले होते, का सरले सांगतलं पन सरचं ध्यान पुस्तकाइकडं होतं." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मंग तेवढंच सांगा आत. जास्त काही नको."

तेवढे मी वर सांगितले आहे. जगदेवने मला सांगितले, लिहून दिले, चिकटवून दिले. यानंतर त्याच्याविरुद्ध माझी काय तक्रार उरते, हे मी राठोड साहेबांना विचारले. ते म्हणाले, "मलेच विचारता का आता? तक्रार तुमची हाय." मग म्हणाले, "हे पाहा सर, रोही आडवा आला, अपघात झाला, कोनाची चूक नाही. असं द्या अन घरी जा. रोहीवर गुन्हा लागत नाही." त्यांचा हेतू चांगला होता. तसे लिहिले असते तर त्यातही एकही वाक्य खोटे नसते.

परंतु एक बाब वर आलेली नाही. ती अर्जात नाही व डायरीतही नाही. त्या दिवसाचे पान मी अजून लिहिलेले नाही. आठवणीने सांगतो.

पत्नी पुढे बसली तेव्हा तिने पट्टा लावला नाही. दोन वर्षे मागे बसून तिची सवय मोडली होती. मी ते पाहिले. शिरपूरच्या फाट्यावर डावीकडे पाहताना पाहिले. आता घंटी वाजेल, मग ती लावेल, असे मला वाटले. घंटी वाजली नाही. घंटी मीच काढायला लावली आहे हे मला मालेगावच्या जवळपास आठवले. त्याच वेळी जगदेवचे बोलणेही आठवले. मालेगावपासून त्या पुलापर्यंत किमान तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मी, घरी पोचल्यावर हे तिला सांगायचे, असे मनात घोकत होतो. विसरू नये म्हणून घोकत होतो. एक शब्द पुरला असता. तेवढाही लागला नसता, मी गाडी थांबवली असती तरी तिला कळले असते. गाडी थांबवणे ही खूण होते की नाही, याचाही मी त्या अर्ध्या तासात विचार केला.

अकोल्याच्या वर्कशॉपमधील माणसाने सांगितले की, पट्टा असता तर एअरबॅग न उघडताही बहुधा खांद्याला वळ उठण्यावर निभावले असते. तेव्हा गादीबद्दल मी जे सांगितले ते सर्व खरे असले तरी ते पट्ट्याच्या नंतर येते.

तरी जगदेव सरकटे याच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. नमनने आणलेला अर्ज मी परत घेतला आहे. "मंग कोनावर लिहू?" असे राठोड साहेबांनी विचारले. गाडी कोण चालवत होते ते वर आले आहे. ते म्हणाले, "सर, नोकरी हाय तुमची. साहेब येईपर्यंत बाहेर बसा, चहा घ्या, अन पुन्हा विचार करा." मी बाहेर बसलो. बाकावर जगदेवच्या शेजारी जागा होती. त्याने सरकून घेतले. चहा दोघांना आला. तो म्हणाला, "मॅडमले पातळ शिरा चालते का सर? सुकेशनी चांगला करते." मी विचारून सांगतो म्हणालो. पंधरा मिनिटांनी परत आत आलो. विचार बदललेला नाही.

जबाब संगणकावर लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने तो बाहेरही ऐकू गेला असावा. "मी ते पाहिले" हे वाक्य काढायचे का, असे राठोड साहेबांनी मला दोनदा विचारले. ते ठेवावे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, बरोबर आहे व मला मान्य आहे. याची एक प्रत मिळावी. पत्नीला वाचायला द्यायची आहे. तिला हे मी अजून सांगितलेले नाही.

समक्ष                    जबाब देणार
(मो. राठोड)                    (श्रे. ज्ञा. भोरे)
सहायक फौजदार